प्रेझेंट परफेक्ट की सिंपल पास्ट? सराव कसा करावा?

प्रश्न: नियम पाठ आहेत, रिकाम्या जागाही बरोबर येतात. पण स्वतः लिहिताना 'आय हॅव मेट हिम यस्टरडे' असंच उतरतं. काय करू?

उत्तर १: मराठीत 'मी त्याला कालच भेटलो आहे' चालतं, म्हणून असं होतं. इंग्रजीत यस्टरडे, लास्ट वीक, इन 2019, टू डेज अगो असा संपलेला काळ आला की 'हॅव' गळतं. रिकाम्या जागांत धड्याचं नावच उत्तर सांगून टाकतं, काळ निवडावाच लागत नाही. त्यापेक्षा रोज पाच जोड्या लिहा: आधी वेळ न सांगता, मग सांगून. 'आय हॅव लॉस्ट माय की. आय लॉस्ट इट ऑन मंडे.'

उत्तर २: त्यातच सिन्स-फॉर घ्या. 'आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स 2018' हे मराठी 'राहतोय'मुळे होतं. 'हॅव बीन लिव्हिंग' हवं. सिन्सपुढे सुरुवात, फॉरपुढे कालावधी.

उत्तर ३: अमेरिकन बोलण्यात 'आय जस्ट एट' सर्रास चालतं, ब्रिटिश वळण 'आय हॅव जस्ट ईटन'. तिथे स्वतःची चूक धरू नका. यस्टरडेसोबतचं 'हॅव' मात्र दोन्हीकडे चूकच.