कॉल संपतो, पण हिशेबात उघडाच राहतो: कमायलिओ आणि फ्रीरेडियस, सल्ला हवा

जोडणी_एक
इंटरनेट फोनची यंत्रणा आहे: दोन कमायलिओ प्रॉक्सी (कॉलचे संदेश पुढे पाठवणारे सर्व्हर), मागे एक फ्रीरेडियस (हिशेब ठेवणारा रेडियस सर्व्हर). दुखणी दोन. काही कॉलची स्टार्ट (सुरू झाल्याची) नोंद पडते, स्टॉप (संपल्याची) पडतच नाही. शिवाय काही फोन रजिस्टर होताना ४०१ ('आधी ओळख पटवा' हे उत्तर) पुन्हा पुन्हा घेत राहतात आणि मग मध्येच आपोआप लागतात. पासवर्ड तपासलेत, बरोबर आहेत. नवं मशीन नाही, नवं सॉफ्टवेअर नाही. रात्री दोन तास सेवा बंद ठेवता येईल, तेवढ्यात बसवायचं आहे.

जुनाखांब
रेडियस काढा. हिशेब प्रॉक्सीतून थेट डेटाबेसात लिहा, मधला यूडीपीचा (पोचल्याची हमी नसलेल्या पॅकेटांचा) टप्पाच जातो. आमच्याकडे तसंच आहे, तक्रार नाही. चाचणीला आठवडा धरा.

पॅकेटपाहणी
आठवडा कुठून आणणार? दोन तास म्हणालेत ते.

आधी प्रॉक्सीवर एसएनग्रेप (कॉलचे संदेश दाखवणारं साधन) लावा आणि स्टॉप नसलेल्या एका कॉलचा कॉल-आयडी शोधा. इन्व्हाइट (कॉल सुरू करणारा संदेश) दिसतो पण बाय (कॉल संपवणारा) दिसतच नाही, तर बहुधा रेकॉर्ड-रूट ('पुढचे संदेशही प्रॉक्सीमार्गेच पाठवा' ही खूण) लागलेला नाही. फोन बाय थेट एकमेकांना पाठवतात, प्रॉक्सीला पत्ता लागत नाही. बाय दिसतो पण स्टॉप नाही, तर रूटिंगमध्ये लूज-रूटच्या (चालू कॉलचे संदेश हाताळणाऱ्या भागाच्या) आत, बाय आल्यावर हिशेबाचा फ्लॅग ('याची नोंद करा' ही खूण) लागतोय का बघा. इन्व्हाइटवर लावलेला फ्लॅग बायला लागू होत नाही, ते वेगळं ट्रान्झॅक्शन (एक संदेश आणि त्याचं उत्तर) आहे.

टेलिखाते
+१, रेकॉर्ड-रूटच असणार. आणि सेशन टायमर लावा (आरएफसी ४०२८ हे मानक): कॉल चालू असल्याचा रिफ्रेश ठरल्या वेळात आला नाही, तर कॉल संपला धरतात. फोनची वीज गेली तर बाय येणारच नाही. शिफारस १८०० सेकंदांची, किमान ९०.

पॅकेटपाहणी
१८०० ठेवलात तर मेलेल्या कॉलवर अर्ध्या तासापर्यंत जादा बिल लागू शकतं, तेही सांगा. शिवाय रिफ्रेश फोनच करतो. दोन्ही बाजूंचे फोन जुने असून त्यांना ते येत नसेल तर प्रॉक्सी एकटी रिफ्रेश करू शकत नाही.

जुनाखांब
म्हणूनच म्हणतो, रेडियस काढा. अवांतर: पोर्ट कोणते? १६४५/१६४६ असतील तर १८१२/१८१३ करा.

टेलिखाते
पोर्ट चुकला असता तर एकही नोंद पडली नसती. इथे स्टार्ट पडतेय.

निशाचर
४०१ बद्दल कुणीच बोललं नाही. दोन्ही प्रॉक्सींच्या ऑथ मॉड्यूलमध्ये (ओळख तपासणाऱ्या भागात) सीक्रेट (गुप्त किल्ली) एकच आहे का? दिलं नसेल तर प्रत्येक प्रॉक्सी सुरू होताना स्वतःचं यादृच्छिक बनवते. मग पहिलीने दिलेला नॉन्स (४०१ सोबतचा तात्पुरता कोड) दुसरीला खोटा वाटतो आणि ती पुन्हा ४०१ देते. दोन्ही पॅकेट एकाच प्रॉक्सीकडे गेली की फोन लागतो; तुमचं "आपोआप" ते हेच. हे सीक्रेट वेगळं, रेडियसचं शेअर्ड सीक्रेट वेगळं.

नॉन्समध्ये वेळही असते आणि मुदत डीफॉल्टने ३०० सेकंद, म्हणून दोन्ही घड्याळं एनटीपीवर (नेटवर्कवरून वेळ जुळवणारी सोय) हवीत. एकच मॉडेल हट्ट करत असेल तर चॅलेंजमध्ये (म्हणजे ४०१ मध्ये) स्टेल=ट्रू ('नॉन्स शिळा झाला, नवा वापरा') असतानाही ते जुनाच नॉन्स पाठवतंय का, ते बघा.

राऊटिंगप्रेमी
रेल्म (ओळख तपासताना वापरलं जाणारं क्षेत्राचं नाव) बदललंय का मध्ये? डेटाबेसात एचए१ (पासवर्डऐवजी ठेवलेला हॅश) साठवत असाल तर त्यात नाव, रेल्म आणि पासवर्ड तिन्ही मिसळलेले असतात. रेल्म बदललं की पासवर्ड बरोबर असूनही नकार येतो.

निशाचर
तसं असतं तर कधीच लागला नसता.

जोडणी_एक
कॅप्चर घेतलं. बाय दोन्ही बाजूंनी प्रॉक्सीवर येतोय. पण स्टॉप नसलेल्या कॉलमध्ये समोरून ४८१ उत्तर येतं. आणि सीक्रेट दोन्हीकडे दिलेलंच नव्हतं.

पॅकेटपाहणी
मग उलगडलं. ४८१ म्हणजे समोरच्याने कॉल आधीच विसरलाय, त्यामुळे बायचं ट्रान्झॅक्शन अयशस्वी धरलं जातं आणि नोंद होत नाही. बायवर साध्या फ्लॅगसोबत अयशस्वी ट्रान्झॅक्शनचाही फ्लॅग लावा. दोन ओळींचं काम. समोरच्याने फोन ठेवला की बायमध्ये फ्रॉम-टू उलटे येतात, म्हणून डिटेक्ट-डायरेक्शन चालू करा; नाहीतर नोंदीत कॉल करणारा आणि घेणारा यांची अदलाबदल होते.

टेलिखाते
जुन्या उघड्या कॉलना त्या ग्राहकाच्या सरासरी कालावधीने बिल लावा.

जुनाखांब
हो, सरासरी. सगळेच तसं करतात.

जोडणी_एक
आज रात्री बायवर दोन्ही फ्लॅग, डिटेक्ट-डायरेक्शन, दोन्हीकडे एकच सीक्रेट आणि एनटीपी, एवढंच करतोय. रेडियस राहील. सेशन टायमर आत्ता नाही, कोणते फोन रिफ्रेश करतात ते आधी तपासायचं आहे. उघड्या कॉलना मात्र शून्य बिल लावणार. ज्याची स्टॉप वेळ आमच्याकडे नाही, त्याचे पैसे ग्राहकाकडून मागणं मला पटत नाही.

टेलिखाते
तोटा होईल.

जोडणी_एक
होऊ दे. बदल केल्यावर एका कॉलमध्ये मुद्दाम ४८१ घडवून स्टॉप पडतो का बघतो आणि इथेच कळवतो.