‘ब्राह्मी’ला एकच ओळखक्रमांक द्यायचा का?

रानवाटा
आमच्या महाविद्यालयाच्या वनस्पतीसंग्रहाच्या नोंदी मी संगणकावर चढवते आहे. आयुर्वेदातलं नाव, गावातलं नाव आणि लॅटिन नाव एकमेकांशी जोडायचं, मग प्रत्येकाला बाहेरच्या डेटाबेसमधला क्रमांक लावायचा, असं काम. ब्राह्मीपाशी येऊन गाडी अडली.

भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथात, ब्राह्मी म्हणजे बाकोपा मोनिएरी, आणि सेंटेला एशियाटिका ही मंडूकपर्णी. पण माझ्या आईची ब्राह्मी म्हणजे गोलसर पानांचा कारिवणा, म्हणजे नेमकी सेंटेलाच. या दोघी एकमेकींच्या नात्यातल्याही नाहीत. सेंटेला कोथिंबिरीच्या कुळातली. बाकोपाची पानं बारीक, मांसल, आणि कूळ निराळं. औषधी रसायनंही वेगळी: एकीत बाकोसाइड, दुसरीत एशियाटिकोसाइड.

आधी कुणीतरी दोन्हींना ब्राह्मीशी ‘समान’ म्हणून जोडून ठेवलं होतं. संगणक ‘समान’चा अर्थ शब्दशः घेतो: अ म्हणजे ब, ब म्हणजे क, तर अ म्हणजे क. त्यामुळे बाकोपा शोधलं की सेंटेलावरचे शोधनिबंध पुढ्यात येत होते, आणि विद्यार्थी तेच प्रकल्पात उतरवत होते.

माझं ठाम मत आहे की ब्राह्मी हे औषधी द्रव्य आणि बाकोपा ही वनस्पती या दोन वेगळ्या संकल्पना आहेत. त्यांना वेगळे क्रमांक द्या. मधल्या दुव्यात ‘अमुक ग्रंथानुसार’, ‘अमुक प्रांतात’ हे लिहा.

पेटंटवाचक
मला हे अजिबात पटत नाही. १९९५ साली अमेरिकेत हळदीने जखम भरण्यावर पेटंट दिलं गेलं. माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. आपलं ज्ञान लिहिलेलं होतं, पण संस्कृतात, उर्दूत, हिंदीत. परदेशी तपासनीस तिथवर पोहोचणार कसा? म्हणून पुढे पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहिलं. हरिद्रा (हळद) म्हणजे कुर्कुमा लाँगा, हे तपासनिसाला एका फटक्यात दिसायला हवं. तुम्ही प्रत्येक दुव्याला ‘अमुकच्या मते’ची शेपटी लावलीत, तर विरोधी वकील त्याच शेपटीला धरेल. फार्माकोपियाने निर्णय दिलाय ना? मग तोच एक क्रमांक लावा आणि बाकीची नावं पर्यायी म्हणून टाका.

वैद्य_कोल्हापूर
हळदीबद्दल मुळात वादच नाही, म्हणून ते उदाहरण सोपं. रास्ना घ्या. उत्तरेत प्लुचिया लॅन्सिओलाटा, दक्षिणेत अल्पिनिया गलंगा, बंगालात झाडावर वाढणारं वांडा ऑर्किड. शंखपुष्पी म्हणून केरळात आपली गोकर्ण वापरतात. यातलं कुणीही फसवत नाहीये, प्रत्येकाची परंपरा आहे. तुम्ही एका फटक्यात दोन परंपरा ‘पर्यायी नावां’च्या खान्यात ढकलता आहात. रुग्णाने नेमकी कुठली मुळी घेतली हे मला कळायला हवं, आणि तिथे तुमचा एक क्रमांक कामाचा नाही.

नोंदवही
दोघेही लॅटिन नाव पक्का खुंटा धरून बोलताय. सेंटेलाला वनस्पतींना लॅटिन नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये हायड्रोकोटाइल एशियाटिका म्हटलं होतं, सेंटेलात ती १८७९ ला आली. बाकोपा जुन्या ग्रंथांत हर्पेस्टिस म्हणून सापडते. नाव बदललं, झाड तेच राहिलं.

मलबारच्या वनस्पतींवरच्या होर्तुस मलाबारिकुस या सचित्र ग्रंथाची (अ‍ॅमस्टरडॅम, १६७८ ते १६९३) पानं पाहिलीत तर मन भरून येतं. कोचीनचे कोंकणी रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट यांनी त्यात मदत केली. चित्रावर नावं लॅटिन, मल्याळम, अरबी आणि नागरी लिपीत आहेत. चारही नावांना धरून ठेवतं ते चित्र. आपलं चित्र म्हणजे संग्रहातला वाळवलेला नमुना. क्रमांक त्याच्यापासून सुरू करा, नावापासून नको.

रानवाटा
नोंदवही, हे मला सुचलंच नव्हतं. नमुन्याचा क्रमांक पायाशी घेते.

पेटंटवाचक, तुमचा मुद्दा मी टाकून देत नाही. वेगवेगळ्या शब्दसूच्या संगणकावर जोडण्याच्या स्कॉस या मानकात (२००९) यासाठी दोन वेगळे दुवे आहेत. ‘एक्झॅक्टमॅच’ (तंतोतंत जुळणारा) अ-ब-क असा पुढे पुढे झिरपतो, ‘क्लोजमॅच’ (जवळपास जुळणारा) मुद्दाम तिथेच थांबवलेला आहे. हरिद्रेला पहिला लावू, तुमच्या तपासनिसाला तेवढं पुरेल. ब्राह्मी, रास्ना, शंखपुष्पी यांना मात्र दुसराच.

पेटंटवाचक
हळदीपुरतं मान्य. पण उद्या कुणी ब्राह्मीवर पेटंट मागितलं, तर ‘जवळपास’ म्हणणारा दुवा पुरावा म्हणून टिकणार नाही, या मतावर मी कायम आहे.

वैद्य_कोल्हापूर
टिकेल, जर त्या दुव्यात ग्रंथ, प्रांत आणि नमुना तिन्ही लिहिलेलं असेल. ‘समान’ लिहून दोन झाडं एकत्र केलेली नोंद तर पहिल्याच उलटतपासणीत पडेल. ताई, आमच्याकडे रास्ना म्हणून येणाऱ्या मुळांचे नमुने पाठवू का? पानाफुलांशिवाय ओळख पटवता येईल का, तेवढं आधी कळवा.