युरोपातल्या विद्वानांची पत्रं वाचायची आहेत, सुरुवात कुठून करू?

दौतटाक:
सतराव्या शतकातल्या विद्वानांची मूळ पत्रं वाचायची आहेत. इंग्रजी भाषांतर चालेल, लॅटिन येत नाही. तत्त्वज्ञानाची बैठकही नाही. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझपासून सुरुवात करू का?

मुक्तछंद:
लायब्निझ आत्ता नको. त्याची सुमारे 15,000 पत्रं शिल्लक आहेत, कुठलं धरावं आणि कुठलं सोडावं तेच कळत नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त आणि बोहेमियाची (आजच्या चेकियातला प्रदेश) राजकन्या एलिझाबेथ यांची पत्रं घ्या. वडिलांचं राज्य गेलेलं, घरदार हेगमध्ये आश्रयाला आलेलं, आणि मे 1643 मध्ये ही चोविशीतली मुलगी थेट विचारते: आत्मा म्हणजे नुसता विचार करणारा पदार्थ असेल, तर तो शरीराला हलवतो कसा? देकार्त वजनाचा दाखला देतो: वजन वस्तूला न ढकलताच खाली नेतं, तसंच हे. तिचं समाधान होत नाही. अमूर्त गोष्ट शरीराला हलवते हे मानण्यापेक्षा आत्माच भौतिक पदार्थ आहे असं मानणं मला सोपं जाईल, असं ती जूनमध्ये कळवते. इतक्या आदबीने इतकं नेमकं बोट ठेवलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. बैठक नसली तरी अडत नाही, कारण तुमच्या मनातले प्रश्न तीच विचारते.

टपालहंशील:
विज्ञानाकडे ओढा असेल तर लेवेनहुक वाचा. डेल्फ्टचा कापडवाला, डच सोडून भाषा येत नव्हती. मिरी भिजवलेल्या पाण्यात त्याला सूक्ष्म जीव दिसले, ते त्याने ऑक्टोबर 1676 च्या लांबलचक पत्रात लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला कळवलं. सोसायटीचे सचिव ओल्डेनबर्ग यांनी ते इंग्रजीत आणून 1677 मध्ये छापलं. सोसायटीचे जुने अंक नेटवर फुकट आहेत.
या ओल्डेनबर्गचीही पत्रं जरूर चाळा. परदेशातल्या टपालावर नाव उलटसुलट करून ‘ग्रुबेनडोल, लंडन’ एवढाच पत्ता घालायला ते सांगत. डचांशी युद्ध चालू असताना 1667 मध्ये संशयावरून त्यांना लंडनच्या टॉवर या किल्ल्यात कैदेत डांबलं होतं. सुटल्यावर पुन्हा पत्रं सुरू!

दौतटाक:
दोघांचेही आभार. एलिझाबेथपासूनच सुरू करते. दोन्ही बाजूंची पत्रं मिळतात ना?

मुक्तछंद:
मिळतात, पण आवृत्ती बघून घ्या. देकार्त 1650 मध्ये स्टॉकहोमला वारला, तेव्हा तिने स्वतःची पत्रं परत मागवली आणि छापायला नकार दिला. त्याची उत्तरं लवकरच छापली गेली, तिची पत्रं मात्र 1879 मध्ये. म्हणजे दोनशेहून अधिक वर्षं लोक प्रश्नांशिवाय उत्तरं वाचत होते! जुनी आवृत्ती हाती आली तर तुमचंही तेच होईल. दोघांचीही पत्रं असलेली सोपी इंग्रजी आवृत्ती नेटवर फुकट आहे.
आधी 1643 ची पत्रं सलग वाचा. मग एकदम 1645 वर या. ती तापाने आणि कोरड्या खोकल्याने आजारी आहे, देकार्त म्हणतो या दुखण्याचं मूळ मनातल्या दुःखात आहे, आणि दोघं मिळून रोमन तत्त्वज्ञ सेनेका वाचायला घेतात. मधलं भूमितीचं गणित पहिल्या वाचनात सोडलंत तरी चालेल.