१४ वर्षांखालील संघ: उंच पोरगा घ्यावा की उडी असलेला?

क्रीडाशिक्षक, जिंतूर
नमस्कार. तालुका स्पर्धेसाठी मुलांचा व्हॉलीबॉल संघ निवडतोय. शेवटच्या जागेसाठी दोन लेकरं आहेत, दोघंही तेरा वर्षांची. एक १७२ सेंमी, पण हातपाय सैल, चेंडूखाली पोचायला उशीर करतो. दुसरा १५८, काटक, उडी चांगली, अंडरहँड (दोन्ही हात जोडून खालून चेंडू उचलणं) पक्का. गावातले म्हणतात उंच पोरगाच घ्या. अंगकाठी बघून निवड करायची तर नेमकं काय मोजावं? साधनं म्हणाल तर टेप, वजनकाटा आणि मुरमाचं मैदान.

प्रशिक्षक, उदगीर
सर, डोक्याची उंची सोडा, बोटं कुठवर पोचतात ते मोजा.

आधी उभा रीच: अनवाणी, भिंतीला कड लावून, टाचा जमिनीला, एक हात पूर्ण वर. बोटाला खडूची पूड लावली की खूण स्पष्ट उमटते. मग स्मॅशची उडी. ती भिंतीजवळ घेऊ नका, धावत आलेला मुलगा आदळतो. बास्केटबॉलच्या खांबाला किंवा लिंबाच्या फांदीला आडवा बांबू बांधा आणि त्याला वेगवेगळ्या लांबीच्या कागदी पट्ट्या लावा, खालची टोकं दर ५ सेंमीला. तीन उड्या, हात लागलेल्या सर्वांत वरच्या पट्टीची उंची धरायची. त्यातून रीच वजा केला की उडी.

समजा उंच मुलाचा रीच २२४ आणि उडी ३२, लहान्याचा रीच २०८ आणि उडी ४८. दोघांचीही बोटं २५६ वरच टेकली! यातून तुमच्या स्पर्धेच्या जाळीची उंची वजा करा. चेंडूचा व्यास २१ सेंमीच्या आसपास असतो, त्यामुळे चेंडू खाली दाबून मारायचा तर बोटं जाळीच्या निदान २० सेंमी वर हवीत. तेवढी नसतील तर १७२ असला तरी तो चेंडू नुसता ढकलणार.

आणखी एक. सहापैकी तीन जागा मागच्या असतात आणि रोटेशनमुळे, म्हणजे खेळाडू जागा बदलत फिरत असल्याने, प्रत्येकाला तिथे यावंच लागतं. लिबेरो (फक्त मागे, बचावासाठी खेळणारा खेळाडू) सगळ्यांच्या जागी एकाच वेळी येऊ शकत नाही. ज्याला सर्व्हिस उचलता येत नाही, त्याच्यावरच समोरचा संघ सर्व्हिस टाकत राहतो. या वयात बहुतेक गुण सर्व्हिस आणि रिसीव्हवरच जातात.

फिजिओ, संभाजीनगर
रीचचं पटलं, पण वाढीचा टप्पा पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नका. मुलांची उंची साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते, मुलींची बाराव्या. पण एकाच वर्गात दोन-तीन वर्षांचा फरक सहज दिसतो. तेराव्या वर्षीचा उंच मुलगा कदाचित फक्त लवकर वाढलेला असेल आणि सतराव्या वर्षी इतरांच्या बरोबरीला येईल.

दर तीन महिन्यांनी, सकाळीच, उंची आणि बैठी उंची नोंदवा (संध्याकाळपर्यंत उंची थोडी घटते). बैठ्या उंचीसाठी स्टुलावर भिंतीला टेकवून बसवा, डोक्यापर्यंत मोजा आणि स्टुलाची उंची वजा करा. पाय आधी लांबतात, धड नंतर. पाय भराभर वाढत असताना मुलगा अडखळतो, त्यात आळस नसतो. ताकद उंचीच्या मागून येते, बहुधा सहा महिने ते वर्षभराने.

क्रीडाशिक्षक, जिंतूर
शाळेच्या आरोग्य तपासणीच्या नोंदीत उंच मुलगा वर्षात ९ सेंमी वाढलेला दिसतोय. गुडघ्याखाली दुखतं असंही म्हणतो.

फिजिओ, संभाजीनगर
म्हणजे तो ऐन वाढीत आहे. वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दाबल्यावर दुखतं का बघा. तिथे मांडीच्या स्नायूचा ताण वाढत्या हाडावर येतो. खेळ बंद करायची गरज नसते, पण उड्या निम्म्यावर आणा, सिमेंटवर उडी अजिबात नको, आणि दोन्ही पायांवर, गुडघे आत न वळवता उतरायला शिकवा. सूज आली किंवा लंगडायला लागला तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. उन्हाळ्यात सराव सकाळी आठच्या आत संपवा.

प्रशिक्षक, उदगीर
मग यंदा १५८ वाला घ्या, असं माझं स्पष्ट मत. उंच मुलाला सरावातून मात्र काढू नका आणि त्याला फक्त ब्लॉकवर (जाळीवर हात धरून चेंडू अडवायला) उभं करू नका. रोज बोटांनी सेटिंग (साथीदाराला मारण्यासाठी चेंडू वर देणं) आणि अंडरहँड द्या. लहान्यालाही आत्ताच लिबेरो ठरवू नका. लिबेरोला ब्लॉकला जाता येत नाही, जाळीच्या वरचा चेंडू मारता येत नाही. त्याची वाढ अजून बाकी असेल तर अख्खं आक्रमण शिकायचंच राहील.

आहारतज्ज्ञ, लातूर
काटक मुलाची उंची वाढली आणि वजन तिथेच राहिलं, तर ते मनावर घ्या. मोठ्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) तक्ता लावू नका, वयानुसारचा तक्ता बघा. ज्वारीची भाकरी आणि घट्ट वरण पोटभर, सरावानंतर अर्ध्या तासात मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा दोन अंडी. मुलींच्या संघात दम लवकर लागत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासा. बारा ते चौदा वयात १२ च्या खाली गेलं तर नुसत्या सरावाने उडी वाढणार नाही. शाळेतली लोहाची निळी गोळी जेवणानंतर द्या, चहासोबत नको.