मदत हवी आहे: सिंपल, कंपाउंड, कॉम्प्लेक्स सेंटेन्स कसं ओळखायचं?

मुलगी नववीत आहे, आम्ही ऐरोलीला राहतो, माझं स्वतःचं शिक्षण मराठी मिडियममधलं त्यामुळे केवल, संयुक्त, मिश्र वाक्य एवढं आठवतंय पण इंग्लिशमध्ये गाडी अडते. 'इट रेन्ड, सो द ट्रेन वॉज लेट' हे कंपाउंड आणि 'द ट्रेन वॉज लेट बिकॉज इट रेन्ड' हे म्हणे कॉम्प्लेक्स, अहो अर्थ तर एकच ना?? बिकॉजवालं अर्धं वाक्य एकटं उभं राहत नाही म्हणून का? आणि 'आई अँड बाबा वेन्ट टू ठाणे' यात अँड असून सिंपल कसं, क्रियापद एकच आहे म्हणून? क्लासवाले नुसते जॉइनिंग वर्ड पाठ करून घेतात. कोणीतरी नीट समजावा प्लीज, सोमवारी टेस्ट आहे.