अपघात भरपाई: हायकोर्टाच्या निकालानंतर सुप्रीम कोर्टातली विशेष परवानगी याचिका (एसएलपी) कोणत्या मुद्द्यावर टिकते?

प्रश्न
मृत ३४ वर्षांचा, पगारी टेम्पोचालक. दरमहा १२,००० रुपये उत्पन्न दोन्ही कोर्टांनी मान्य केलंय. मागे पत्नी, दोन लहान मुलं, आई. दावेदारांनी मोटार वाहन कायद्याच्या कलम १७३ खाली अपील केलं होतं. हायकोर्टाने गुणक (वार्षिक उत्पन्नाला वयानुसार ज्या आकड्याने गुणून भरपाई काढतात तो) १५ धरला आणि भविष्यातील उत्पन्नवाढ धरलीच नाही. निकालाला ४० दिवस झाले. हायकोर्टातच दोन न्यायमूर्तींपुढे जाता येईल, की थेट सुप्रीम कोर्ट? कागदपत्रांत काय सांभाळायचं?

प्रतिसाद १
दोन न्यायमूर्तींपुढचा रस्ता बंद आहे. एकल न्यायमूर्तींनी अपिलात दिलेल्या निकालावर पुन्हा अपील दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १००अ मुळे होत नाही. उरते ती घटनेच्या अनुच्छेद १३६ खालची विशेष परवानगी.

ही परवानगी हक्क म्हणून मिळत नाही. 'रक्कम फार कमी आहे' एवढ्यावर याचिका पहिल्याच तारखेला निघते. चूक कोणत्या स्थापित तत्त्वात आहे ते पहिल्या दोन पानांत दिसायला हवं, आणि तुमच्याकडे ते आहे. सुप्रीम कोर्टाच्या सरला वर्मा (२००९) निकालाप्रमाणे ३१ ते ३५ वयाला गुणक १६, आणि चार अवलंबित असल्याने मृताच्या स्वतःच्या खर्चाची वजावट एक चतुर्थांश. त्याच कोर्टाच्या प्रणय सेठी (२०१७) निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या, कायम नोकरी नसलेल्या व्यक्तीला ४० टक्के वाढ. मांडणी अशी करा:

हायकोर्ट: १२,००० वजा ३,००० = ९,०००; × १२ × १५ = १६,२०,०००.
योग्य: १२,००० अधिक ४० टक्के = १६,८००; १६,८०० वजा ४,२०० = १२,६००; × १२ × १६ = २४,१९,२००.

फरक ७,९९,२००. हा तक्ता सिनॉप्सिसमध्येच (याचिकेच्या सुरुवातीच्या सारांशात) टाका, परिशिष्टात पुरून ठेवू नका. सहचर्य (जवळच्या माणसाची साथ गमावणं), मालमत्तेचं नुकसान आणि अंत्यविधी यांच्या ठरावीक रकमा दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढतात, तेही तपासा. अपघात कसा झाला, साक्षीदार खरा की खोटा, यात मात्र शिरू नका. त्याने नेमका मुद्दाच झाकला जातो.

प्रतिसाद २
मुदतीबद्दल. हायकोर्टाच्या निकालापासून ९० दिवस. प्रमाणित प्रत मिळवण्यात गेलेले दिवस वजा होतात, पण प्रतीच्या मागच्या शिक्क्यावर तीन तारखा असतात: अर्ज, तयार, ताब्यात. 'तयार' झाल्यानंतर तुम्ही प्रत नेली नाही, तर ते दिवस तुमच्याच अंगावर. अजून अर्ज केला नसेल तर आजच करा. मुदत उलटलीच तर विलंब माफीच्या अर्जात दिवसांचा हिशेब कारणांसह द्या. 'वकिलांनी कळवलं नाही' एवढ्या एका ओळीवर भागत नाही.

याचिका ॲडव्होकेट-ऑन-रेकॉर्डमार्फतच (सुप्रीम कोर्टात याचिका दाखल करण्यासाठी नोंदणी असलेले वकील) जाते. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लावावं लागतं. पंचनामा, पगाराचा दाखला इथेच रजिस्ट्रीचे (कोर्टाच्या कार्यालयाचे) आक्षेप निघतात. खालच्या कोर्टापुढे नसलेला कागद परवानगीचा वेगळा अर्ज केल्याशिवाय जोडू नका.

प्रश्नकर्ता
हायकोर्टातल्या अपिलाच्या मेमोत (लेखी अर्जात) ४० टक्के वाढीचा मुद्दा स्पष्ट घेतलेला नाही. अडेल का? आणि फी परवडणारी नाही.

प्रतिसाद १
अडू नये. कलम १६८ 'न्याय्य' भरपाई द्यायला सांगतं, आणि मागितल्यापेक्षा जास्त देण्यास कायद्याची आडकाठी नाही. पण हा प्रश्न येणारच, म्हणून उत्तर याचिकेतच लिहा.

प्रतिसाद ३
फीसाठी: पत्नी अर्जदार असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिलेला मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्नाची अट लागत नाही. सुप्रीम कोर्ट विधी सेवा समितीकडे अर्ज, दोन्ही निकाल आणि वकालतनामा पाठवा. वकील नेमायला वेळ लागतो, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

गुणकाची चूक निकालावरूनच उघड असल्याने हायकोर्टात पुनर्विलोकन अर्जाचाही (त्याच कोर्टाने आपला निकाल पुन्हा तपासावा म्हणून) विचार होऊ शकतो. त्याची मुदत ३० दिवस, म्हणजे तुम्हाला तिथेही विलंब माफी लागेल. तो प्रलंबित आहे म्हणून एसएलपीचे ९० दिवस थांबतील असं धरून चालू नका. विमा कंपनीने भरलेली रक्कम काढताना अर्जात 'वाढीव भरपाईचा हक्क राखून' हे शब्द घाला.