'आभारी' आणि 'कृतज्ञ' एकच का? (आणि 'उपकार', 'दम' पण)

मागच्या आठवड्यात खानापूरहून बेळगावला येताना बसमध्ये एक शब्द कानावर पडला तो काय डोक्यातनं जाईना, म्हणून इथं मांडतोय. बस खच्चून भरलेली. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट झाला, पण कंडक्टरला प्रत्येक बाईला शून्य रुपयाचं तिकीट काढून द्यावंच लागतं, म्हणजे गर्दी वाढली आणि त्याचं काम काय कमी झालं नाही. एक आजी पिशवीच्या तळातनं आधार कार्ड शोधत होत्या, हा बाबा पाठ दांड्याला टेकवून, मशीन छातीशी धरून शांत उभा. मागनं एकजण सुट्ट्या पैशासाठी सारखा हाका मारत होता. कंडक्टर म्हणाला, "स्वल्प तडीरी, कोडतीनी", म्हणजे जरा थांबा, देतो. त्यावर हा माणूस म्हणतो, "उपकार करतोस काय, पगार घेतोस की!"

कंडक्टर काही बोलला नाही. मीपण बोललो नाही आणि तेच मला अजून टोचतंय.

आता शब्दाकडं या. उपकार म्हणजे उप अधिक कार, जवळ येऊन केलेलं, दुसऱ्याच्या उपयोगी पडलेलं काम. यात फुकट केलेलं असा अर्थ मूळ शब्दात कुठंच नाही, तो आपण मागनं चिकटवला. आणि 'पगार' तर आपला शब्दच नव्हे, पोर्तुगीज, पैसे चुकते करणे या अर्थाचा. पगारानं हिशोब चुकता होतो हे खरं, पण आजींचं कार्ड सापडेपर्यंत तो माणूस न चिडता थांबला त्याचा हिशोब कुठल्या पगारात धरलाय?

'आभार' मध्ये भार आहे, म्हणजे कुणीतरी केलेल्याचं ओझं माझ्यावर आहे असं मी कबूल करतो. म्हणूनच आभार 'मानायचे' असतात, द्यायचे नसतात. धन्यवाद मात्र 'द्यायचे', कारण धन्य असं समोरच्याला म्हणणं ते धन्यवाद. हल्ली सर्रास 'धन्यवाद मानतो' लिहितात ते कानाला खटकतं. कन्नडमध्येपण आभारी आणि धन्यवाद दोन्ही आहेत, त्यामुळं आमच्याकडं दोन्हीकडचा माणूस हे शब्द ओळखतो, फक्त तोंडातनं काढत नाही. कारण दोन्ही शब्द भाषणातले वाटतात, शेवटी आभारप्रदर्शन असतं ना, तसले.

पण मला खरा जवळचा वाटतो तो 'कृतज्ञ'. कृत म्हणजे केलेलं आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. केलेलं ज्याला कळतं तो कृतज्ञ. यात ओझं नाही, कौतुक नाही, नुसतं कळणं आहे. आणि उलटा शब्द बघा, कृतघ्न, केलेलं मारून टाकणारा. "उपकार करतोस काय" म्हणणारा माणूस शब्दशः तेच करत होता असं मला वाटतं.

आमच्या घरी शहापूरला आजी होती तेव्हाची गोष्ट. गॅस आणणारा माणूस तिसऱ्या मजल्यावर टाकी घेऊन यायचा, लिफ्ट नाही. आतला गॅस १४.२ किलो आणि लोखंड धरलं की तीसच्या आसपास जातं, ते खांद्यावर. आजी त्याला कधी धन्यवाद म्हणाली नाही, तिला तो शब्द माहीत होता का तेपण मला आठवत नाही. ती आत जायची आणि तांब्या आणि बशीत गुळाचा खडा घेऊन यायची. तो पायरीवर उकिडवा बसायचा, आधी टॉवेलनं मान पुसायचा, मग गूळ तोंडात टाकून वरनं पाणी ओतायचा, गळ्याची घाटी वर खाली होताना दिसायची. आजी तोवर पैसे मोजत नसायची, मुद्दाम. तो उठला की मग, "किती झालं बघ बाबा, लई चढलास." हे 'लई चढलास' म्हणजेच कृतज्ञता की. काय केलंस ते मला दिसलं, एवढंच त्यात आहे.

तर प्रश्न असा की या अर्थानं तुमच्याकडं काय म्हणतात? रोजच्या बोलण्यातला शब्द पाहिजे, पुस्तकातला नको.

प्रतिसाद, निपाणीहून:
आमच्यात "बरं केलासा" म्हणतात ओ. दूधवाला पावसात आला की आई म्हणणार, "एवढ्या पावसात आलासा, बरं केलासा." आणि कामगार माणूस वयानं मोठा असला तर मामा किंवा अण्णा म्हटल्याशिवाय हाक मारायची नाही असं वडिलांचं होतं. नुसतं "ए" म्हटलं की ते आम्हालाच "ए" म्हणायचे दिवसभर.

प्रतिसाद, खानापूरहून:
घाटाखाली गोव्यात "देव बरें करूं" म्हणतात, तेच त्यांचं थँक्यू. आमचे बरेच लोक कामाला तिकडं असतात त्यामुळं इकडंपण ऐकू येतं. मला हे सगळ्यात आवडतं कारण यात मी कुठंच नाही, तुझं बरं होवो एवढंच. पण एक विचारतो, काउंटरवर तासभर ताटकळत ठेवलं तरी कृतज्ञ व्हायचं काय? काम नीट केलं नाही तर बोलायला नको?

मूळ लेखक:
बोलायला पाहिजेच, मी कुठं नको म्हणतोय. यावर 'दम' हा शब्द बघा. दम म्हणजे श्वास, हा फारसीकडनं आलाय. त्यावरनं दम लागणे, दम खाणे, दम धरणे, आणि त्याच दमावरनं दम देणे. म्हणजे रांगेत उभं राहिलेल्याजवळ एकच श्वास असतो, तो धरायचा का समोरच्यावर सोडायचा एवढंच त्याच्या हातात. संस्कृतात शम-दम मधला दम वेगळा, स्वतःला आवरणं, पण बोलीत दोन्ही एकमेकात मिसळल्यासारखे वाटतात आणि मला ते बरोबरच वाटतं. चूक असली तर सांगावी, पण दम धरून सांगता येते. परवा मीच एका काउंटरवर तिसऱ्यांदा परत पाठवला गेलो, तोंडावर शब्द आले होते, मग बघितलं तर त्या बाईंचा डबा टेबलावर तसाच, झाकण अर्धं उघडं, भाकरी वाळलेली आणि दुपारचे साडेतीन वाजलेले. मी म्हटलं, "अक्का, आधी जेवून घ्या, मी बाहेर बसतो." त्या म्हणाल्या, "नको ओ, तुमचं करते," आणि फॉर्ममध्ये नेमकं काय राहिलंय ते पेन्सिलनं गोल करून दाखवलं, जे आधी दोनदा कुणी दाखवलं नव्हतं.

निपाणीचं "बरं केलासा" मी वहीत लिहून ठेवलंय. कन्नडमध्ये "चलो आत्री" म्हणतात तेपण तसंच, बरं झालं. आज येताना बसमध्ये तोच कंडक्टर होता, त्यानं सुट्टे परत दिले तेव्हा मी म्हटलं, "चलो आत्री अण्णा." त्यानं पैसे परत एकदा मोजले, त्याला वाटलं मी जास्त आले म्हणतोय.